कोयता दोघांचा, मूल एकटीचं

भाद्रपद संपत आला की आमच्या पाथर्डी-शेवगाव भागात वस्तीवस्तीवर एकच चित्र दिसतं. घट बसायच्या आत घर निर्मळ झालं पाहिजे, म्हणून बाया घरातली झाडून सगळी गोधडी-चिंधी विहिरीवर, ओढ्यावर नेऊन धुतात. भिंती सारवतात, डबे घासतात. तिकडे बाजरी काढणीला आलेली असते. एक मूल कडेवर, एक पायाशी, आणि सात-आठ वर्षांची लेक ओल्या गोधडीचं दुसरं टोक धरून पिळायला उभी. वर्षातले हे थोडेच आठवडे असे, की नवरा, बायको, मुलं, म्हातारी सगळी एका छपराखाली असतात. मुलाला अंगणवाडीत नेऊन वजन करता येतं, ताप आला तर दवाखाना गाठता येतो. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, काय भरलेलं घर आहे!

एम. एस. डब्ल्यू. होऊन मी या भागात कामाला लागले, तेव्हा पहिल्या वर्षी मलाही तसंच वाटलं होतं. मग लक्षात आलं, धुतलेल्या गोधड्यांच्या दोन राशी होतात. एक घरी राहणाऱ्या म्हातारीची. दुसरी टोळीबरोबर जायची.

उचल तोवर घेतलेली असते आणि बहुधा संपलेलीही असते. पेरणीत, दुखण्यात, कुणाच्या तरी लग्नात. दसरा झाला की मुकादमाचा निरोप, आणि दिवाळीच्या मागेपुढे ट्रक-ट्रॅक्टर दारात. अशाच एका बाईला मी विचारलं, “धाकट्याचं काय करणार?” ती म्हणाली, “त्याचं काय करायचं ताई? तो माझ्यासंगंच की.” “आणि थोरली? तिची शाळा आहे.” “तिला नाही नेलं तर ह्याला कोण बघंल?”

मैत्रिणींनो, मला या लेखात जे म्हणायचं आहे ते सगळं या एका उत्तरात आहे.

ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई एकटी हिशेबात येतच नाही. उचल पुरुषाच्या हातात, कागदावर अंगठा त्याचा, फेडायची मात्र दोघांनी. पहाटे अंधारात उठून ती भाकरी करते, पाणी भरते, मग फडात दिवसभर तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते. रात्री परत चूल. एक दिवस अंग टाकलं तर खाडा, म्हणजे पैसे कापले. ही अर्ध्या कोयत्याची गोष्ट आपण बोलत आलो आहोत. पण या हिशेबात आणखी एक काम आहे, ज्याला अर्धा सोडाच, पाव कोयताही कुणी मोजत नाही. ते म्हणजे फडाच्या बांधावर पाचटावर निजवलेलं मूल.

ते मूल कुठे असतं? झोळीत, ट्रॅक्टरच्या सावलीत, नाहीतर कोपीत बहिणीच्या ताब्यात. उसात साप असतात, आपल्या जिल्ह्याच्या उसात बिबट्या असतो, मागे येणाऱ्या ट्रॉलीला निजलेलं मूल दिसत नाही. आई तोडता तोडता मान वळवून बघते, आणि तेवढ्यासाठी बोलणी खाते. अपघात झाला तर पहिला प्रश्न विचारला जातो, “आईचं लक्ष कुठे होतं?” बाप शेजारच्याच सरीत असतो. त्याला हा प्रश्न विचारलेला मी एकदाही ऐकला नाही. कोयता दोघांचा, पण मूल एकटीचं!

सरकार म्हणेल, आम्ही योजना केल्या. केल्या, खऱ्या आहेत. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं आली, २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर झाली. पण या सगळ्या शाळकरी मुलांसाठी. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही सहा वर्षांपासून पुढे. सहाच्या आतलं मूल अंगणवाडीचं, आणि अंगणवाडी गावात. मूल गाव सोडून फडावर गेलं की त्याचं वजनाचं कार्ड गावातच राहतं. जिथे जाईल तिथल्या अंगणवाडीने त्याला घ्यावं, हे कागदावर ठीक आहे. पहाटे चारला तळ सोडणाऱ्या आईने दहाला उघडणारी, दोन-तीन किलोमीटरवरची अंगणवाडी गाठायची कशी?

आणि नीट पाहा, धाकट्याची सोय नाही म्हणून थोरलीची शाळा जाते. वसतिगृहात जागा असूनही ती जात नाही, कारण तिची जागा झोळीपाशी ठरलेली आहे. म्हणजे पाळणाघर हा प्रश्न बाळाचा आहे, आईचा आहे, तितकाच त्या आठ वर्षांच्या पोरीचा आहे. आज ती भाऊ सांभाळते. पाच-सहा वर्षांनी ‘पोर मोठी झाली, कुणाच्या भरवशावर ठेवायची’ म्हणून तिचं लग्न उरकतात आणि एक नवा कोयता तयार होतो.

पाळणाघर मागणं म्हणजे काही चंद्र मागणं नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात त्याचं कलम होतं. कुणी म्हणेल, ते छपराखालच्या कामाचं. मग १९५१ चा मळे कामगार कायदा घ्या. चहाच्या मळ्यात उघड्यावर पानं खुडणाऱ्या बायांच्या मुलांसाठी पाळणाघर त्यात होतं. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने तर स्पष्ट लिहिलं होतं, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली तर एका बाईला त्यांना सांभाळायला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. मूल सांभाळणं हे मजुरीचं काम आहे हे या देशाच्या संसदेने मान्य केलं होतं. उसाच्या फडात मात्र मालक कोण, हेच ठरत नाही. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे.

आपला जिल्हा तर याचा जिवंत दाखला आहे. उत्तरेला प्रवरेच्या पाण्यावर लोणीला १९५०-५१ च्या हंगामात सुरू झालेला कारखाना आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून सांगितला जातो. दक्षिणेला दुष्काळी पाथर्डी, शेवगाव, जामखेड. साखर आणि कोयता एकाच जिल्ह्यात. २०२४ मध्ये जिल्ह्याला अहिल्याबाईंचं नाव मिळालं. त्या जामखेड तालुक्यातल्या चोंडीच्या लेक. त्याच जामखेडच्या लेकी हंगाम आला की झोळी पाठीशी बांधून ट्रकवर चढतात. नावाचा अभिमान जरूर बाळगू, पण पाटीवर बाईचं नाव लागल्याने बांधावरच्या मुलाला सावली मिळत नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न उठला, तेव्हा आपण बोललो, मोर्चे काढले. बरोबरच केलं. पण गर्भाशयाबद्दल बोलताना त्याच बाईच्या कडेवरच्या मुलाबद्दल आपण किती बोललो? बैठकीत मी पाळणाघराचा विषय काढला की तीन उत्तरं येतात.

पहिलं : स्थलांतरच थांबलं पाहिजे, पाळणाघर म्हणजे मलमपट्टी. स्थलांतर थांबावं, त्यासाठी पाणी आणि गावात काम मागूच. पण मूल धोरणाची वाट बघत एक वर्षाचं थांबून राहत नाही. दुसरं : आजी असते ना घरी. असते. तीस हंगाम मोळ्या वाहून तिचं कंबरडं गेलेलं असतं. म्हणजे एका बाईचं फुकटचं काम दुसऱ्या बाईवर ढकलायचं. आणि अंगावर पिणारं मूल आजीकडे ठेवणार कसं? तिसरं उत्तर आपल्यातल्या शिकलेल्या देतात : पाळणाघर मागितलं की मूल बाईचंच हे मान्य केल्यासारखं होतं. मला उलट वाटतं. जे काम प्रेमाच्या नावाखाली फुकट करून घेतलं जातं ते हजेरीवर आलं, त्याला दाम लागला, की ते काम आहे हे सगळ्यांना दिसतं. नवऱ्यालाही.

हे मी कोरड्या अंगाने सांगत नाही. माझं मूल अडीच वर्षांचं आहे. मी वस्तीवर जाऊ शकते, कारण माझ्या घरी एक बाई पगारावर त्याला सांभाळते. तिची थोरली बहीण ऊसतोडीला जाते. माझ्या मुलाला जे मिळतं ते तिच्या भाच्याला का मिळू नये, याचं उत्तर माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

खर्चाचं म्हणाल तर हिशेब करू. बारा कोयत्यांची टोळी दिवसाला वीस टन तोडते असं धरा. तिच्यातल्या एका बाईने मुलं सांभाळली आणि तिला रोज पाचशे रुपये दिले, तर टनामागे पंचवीस रुपये पडतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाची एफआरपी टनाला ३,५५० रुपये ठरली. पंचवीस म्हणजे त्याच्या एक टक्क्याहूनही कमी! टनामागे आकारणी करून ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ चालवायचं, हे राज्याने मान्य केलेलंच आहे. तेव्हा पैसा नाही हे खरं नाही, इच्छा नाही हे खरं आहे.

आपल्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक तळावर पाळणाघर, टोळी निघते त्या वेळेपासून. सांभाळणाऱ्या बाईला पूर्ण मजुरी, तिचा खाडा नाही. अंगणवाडीचा आहार आणि वजनाचं कार्ड मुलाबरोबर फडावर. अंगावर पाजणाऱ्या आईला पाजायला सुट्टी, पैसे न कापता. उचलीच्या कागदावर बाईचं स्वतंत्र नाव आणि टोळीतल्या सहा वर्षांखालच्या मुलांची नोंद.

नवरात्रात मोहटादेवीच्या डोंगरावर आईच्या दर्शनाला रांगा लागतात. त्या रांगेत उद्या टोळीबरोबर निघणाऱ्या आयाही असतात, मूल खांद्यावर घेऊन. घट उठण्याच्या आत आपापल्या गावातल्या टोळ्यांची यादी करा. मुकादमाला, कारखान्याला, ग्रामसभेत एकच प्रश्न लेखी विचारा : या टोळीबरोबर सहाच्या आतली किती मुलं चालली आहेत, आणि त्यांना सांभाळणार कोण? काय उत्तर मिळालं, ते आम्हाला कळवा. उत्तर मिळालं नाही, तर तेही कळवा.