पाणबुडीदलाचे स्मारक मराठवाड्यात का हवे?

पाणबुडीदलातील माजी नौसैनिकांच्या सन्मानार्थ नांदेड आणि लातूर येथे सार्वजनिक स्मारक असावे, अशी माझी मागणी आहे. तिच्यावर चार आक्षेप येतात. इथे समुद्रच नाही, हा पहिला. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे असला खर्च शोभत नाही, हा दुसरा. आपल्या पाणबुड्यांनी गाजवलेली लढाई कोणती, हा तिसरा. आणि स्मारके बांधून त्यांची हेळसांड करण्यात आपला हात कोणी धरणार नाही, हा चौथा. यांतला एकही आक्षेप हेटाळणीने उडवून लावण्यासारखा नाही. म्हणूनच त्यांना एकेक करून उत्तर दिले पाहिजे.

समुद्राचा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण स्मारक समुद्राचे नसते, माणसांचे असते, आणि नौदलाची माणसे साऱ्या देशातून येतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ५२ पाणबुड्या गमावल्या. त्यांच्या स्मृती तिथल्या माजी पाणबुडी-सैनिकांनी राज्याराज्यांत वाटून घेतल्या, आणि त्यात किनारा नसलेली राज्येही होती. ओक्लाहोमातल्या मस्कोगी या गावी ‘बॅटफिश’ ही अख्खी पाणबुडी १९७२ साली नदीमार्गाने आणून ठेवली गेली. आयडाहोच्या आर्को या छोट्या गावात ‘हॉकबिल’ पाणबुडीचा मनोरा उभा आहे. रशियाची ‘कुर्स्क’ ऑगस्ट २००० मध्ये बुडाली आणि तिच्यावरचे सर्व ११८ जण गेले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या ज्या कुर्स्क शहराचे नाव तिला दिले होते, त्या शहरानेही आपल्याकडे त्यांचे स्मारक केले. या सर्वांना कळलेली गोष्ट साधी आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला जहाजे निदान दिसतात; मुखेड, कंधार, औसा किंवा निलंग्याच्या माणसाला ती दिसण्याचा प्रश्नच नाही. पाणबुडी तर दिसू नये म्हणूनच बांधलेली असते. तिच्यातला नौसैनिक आपण कुठे होतो, काय केले, हे घरीसुद्धा सांगू शकत नाही. सीमेवरून परतलेल्या जवानाची गावात मिरवणूक निघते. पाणबुडीतून निवृत्त झालेला माणूस मुकाट्याने घरी येतो. तेव्हा ‘समुद्र नाही’ हे स्मारक नाकारण्याचे कारण ठरत नाही, उलट ते इथेच करण्याचे कारण ठरते.

आता पराक्रमाचा प्रश्न. आपली पहिली पाणबुडी ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी नौदलात दाखल झाली आणि चारच वर्षांत युद्ध आले. ‘करंज’ आणि ‘कुरसुरा’ अरबी समुद्रात गस्तीवर होत्या. करंजचे कप्तान विजयसिंह शेखावत यांना वीरचक्र मिळाले आणि पुढे ते नौदलप्रमुख झाले. या पाणबुड्यांनी शत्रूचे जहाज बुडवले नाही, हे खरे. पण पाणबुडीचे मोल बुडवलेल्या जहाजांवर मोजणे चूक आहे. त्याच युद्धात ‘विक्रांत’च्या मागावर पाकिस्तानने ‘गाझी’ ही एक पाणबुडी पाठवली आणि तिच्या धास्तीने आपल्या विमानवाहू नौकेच्या हालचाली गुप्त ठेवाव्या लागल्या. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली आणि कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह आपले १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. पाण्याखाली कोणीतरी आहे, एवढ्या शंकेने आरमाराचे बेत बदलतात. आपली पाणबुडी ही शंका शत्रूच्या मनात वर्षानुवर्षे जागी ठेवते. तिच्यामुळे जे युद्ध होत नाही, त्याची नोंद कुठल्याच इतिहासात होत नाही. म्हणून ती समाजाने करायची असते.

शिवाय या कामात शांतताकाळ नावाची गोष्ट नाही. डिझेल-विद्युत पाणबुडीत शेकडो टन बॅटऱ्या असतात, त्यांच्यातून हायड्रोजन सुटतो. शेजारी टॉर्पेडो असतात. दर दहा मीटर खोलीला बाहेरचा दाब एका वातावरणाने वाढतो. अंघोळीला पाणी नाही, दिवस-रात्र कळत नाही आणि आग लागली तर पळायला जागा नाही. ‘सिंधुरक्षक’ बुडाली ती कुठल्या दूरच्या समुद्रात नव्हे, मुंबईच्या नौदल गोदीत. १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्री तिच्यात स्फोट झाले आणि १८ जण मृत्यू पावले. पुढच्याच फेब्रुवारीत मुंबईजवळच्या समुद्रात ‘सिंधुरत्न’च्या एका कप्प्यात धूर भरला आणि दोन अधिकारी दगावले. नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. हे ‘अपघाती मृत्यू’ होते म्हणून त्यांचा मान कमी, असे म्हणणाऱ्याने विचार करावा: शत्रूची गोळी केव्हातरी येते, पाणबुडीतला धोका रोज सोबत असतो. आणि पाणबुडीदलात माणूस जातो तो स्वेच्छेने, हे सारे ठाऊक असताना.

खर्चाच्या आक्षेपात एक खरी वेदना आहे. पाणी, शाळा, दवाखाने यांना आधी पैसा हवा, यात वाद नाही. पण हा आक्षेप भव्य पुतळ्यांना लागू पडतो, मी मागतो त्या स्मारकाला नाही. मला नवी जागा, नवा चौथरा, कारंजी नकोत. दोन्ही शहरांतल्या एखाद्या विद्यमान उद्यानात किंवा सार्वजनिक ग्रंथालयात पाणबुड्यांची आणि कर्तव्यावर गेलेल्यांची नावे कोरलेली एक भिंत हवी, पाणबुडी कशी चालते हे दाखवणारी छेदाकृती हवी आणि एक वाचनकक्ष हवा. पुण्यातले राष्ट्रीय युद्धस्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले. त्याहून कितीतरी लहान काम दोन जिल्ह्यांना जड नाही. आणि दुष्काळी मुलखाला सन्मानाची गरज कमी असते, हे गृहीतकच चुकीचे आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील हुतात्म्यांची स्मारके याच भूमीने जपली. किल्लारीच्या भूकंपातील मृतांना ती दर ३० सप्टेंबरला आदरांजली वाहते. पोट भरल्यावर मग स्मरण, असा हिशेब मराठवाड्याने कधी केला नाही.

चौथा आक्षेप सर्वांत जड आहे, कारण त्यामागे पुरावा आहे. १९९७ मध्ये निवृत्त झालेली ‘विक्रांत’ मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी होती. ती टिकवणे या राज्याला जमले नाही आणि २०१४ मध्ये ती भंगारात निघाली. मालवणला डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला शिवछत्रपतींचा पुतळा नऊ महिन्यांच्या आत कोसळला. परंतु याच देशात विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ‘कुरसुरा’ २००२ पासून संग्रहालय म्हणून चालू आहे. नांदेडहून थेट विशाखापट्टणमला रेल्वे जाते. शंका असेल त्याने जाऊन पाहावे. तिथे निवृत्त नौसैनिकच पाहुण्यांना पाणबुडी दाखवतात. फरक नेमका इथे आहे. उद्घाटनासाठी बांधलेले स्मारक उद्घाटनानंतर अनाथ होते. ज्याला रोजचे काम आणि राखणारी माणसे असतात, ते टिकते. म्हणून माझी अट आहे की देखभालीचा निधी आधी ठेवीत जमा व्हावा आणि मगच पायाभरणी करावी. कारभार जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि माजी नौसैनिकांकडे असावा, आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेची वर्षातून एक फेरी तिथे व्हावी.

यातून मिळणारा लाभ मृतांना नाही, जिवंतांना आहे. लातूर-नांदेडची मुले डॉक्टर आणि इंजिनियर होण्यासाठी जी मेहनत घेतात ती सारा महाराष्ट्र जाणतो. ‘कलवरी’पासून ‘वागशीर’पर्यंत सहा नव्या पाणबुड्या २०१७ ते २०२५ या काळात नौदलात आल्या, त्या मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या आहेत आणि त्यांतल्या एकीला ‘खांदेरी’ या शिवकालीन जलदुर्गाचे नाव आहे, हे त्यांच्यापैकी किती जणांना कोणी सांगितले? जे सांगू शकतात ते निवृत्त होऊन आपल्यातच राहतात आणि त्यांना विचारणारे कोणी नाही. दरवर्षी ७ डिसेंबरला आपण ध्वजदिन निधी गोळा करतो आणि दुसऱ्याच दिवशी, ८ डिसेंबरला, पाणबुडी दिन असतो. नांदेड आणि लातूरच्या महापालिकांनी, जिल्हा परिषदांनी आणि माजी सैनिकांच्या संघटनांनी येत्या ८ डिसेंबरला एकत्र बसून जागा निश्चित करावी आणि ठेवीचा पहिला हप्ता जमा करावा. इमारतीसाठी थांबता येईल. आपल्या जिल्ह्यातल्या माजी पाणबुडी-नौसैनिकांची यादी करून त्यांना त्या बैठकीत सन्मानाने बोलावण्यासाठी मात्र थांबू नये. ते काम आजच सुरू करावे.