बेणे निवडता, तशी सायकल निवडा



गट ऑफिसात ऊसनोंदीला आलेले सभासद हल्ली लागणीची तारीख आणि गट नंबर सांगून झाला तरी जागचे हलत नाहीत. चहा येतो, आणि मग हळूच विषय निघतो. "साहेब, ती बॅटरीवरची डोंगरी सायकल कशी काय? पोरगं लई मागं लागलंय." कालपर्यंत को ८६०३२ लावू की फुले २६५, असे विचारणारी हीच माणसे. विषय उसाचा नाही, मग ऊस विकास खात्याने त्यात तोंड का घालावे, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे की पैसा उसाचाच जाणार आहे, म्हणून दोन शब्द लिहिणे आम्हास भाग आहे.

त्यातून गेल्या वार्षिक सभेत एका सभासदांनी सूचना मांडली की कारखान्याने अशा सायकली घाऊक खरेदी करून सभासदांना द्याव्यात व ऊसबिलातून हप्त्याने कपात करावी. सूचना चांगल्या हेतूची आहे. निर्णय अर्थातच संचालक मंडळाचा. पण रोज बांधावरून फिरणारे खाते म्हणून आमचे मत स्पष्ट सांगतो : सायकल जरूर घ्या, परंतु घाऊक घेऊ नका, आणि आपल्या पाणंदीवर चालवून पाहिल्याशिवाय तर मुळीच घेऊ नका.

या वाहनाची गरज खोटी नाही. उपसा योजना झाल्या, नदीकाठचा ऊस माळावर चढला. जॅकवेल खाली आणि चेंबर वर, मधे खडकाळ चढाची पाणंद. त्या वाटेने मोटारसायकल नेली तर पेट्रोल जळते, क्लच जळतो आणि पावसाळ्यात माणूसही पडतो. साध्या सायकलीने चढायचे तर पन्नाशीतल्या माणसाचा दम निघतो. पाळीपाण्याला रात्री जाणारा शेतकरी, आमचा शेतकी मदतनीस, वरच्या वस्तीवरून शाळेला येणारी मुलगी, या तिघांनाही पायाला थोडी मदत मिळाली तर हवीच आहे. डोंगरी सायकलीचा जन्मही असल्याच वाटांवर झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन भागात १९७० नंतरच्या दशकात काही हौशी पोरांनी जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरउतारावर पळवल्या, आणि १९७७ साली जो ब्रीझ याने त्या कामासाठी मुद्दाम सायकल बांधली. पायडलला विजेची मदत देणारी सायकल जपानात यामाहाने १९९३ साली बाजारात आणली. या दोन गोष्टींचे लग्न लागून आजची विजेवरची डोंगरी सायकल झाली आहे.

आता आमची चूक सांगतो, कारण दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी आपली ठेच दाखवावी. तीन वर्षांपूर्वी आम्ही स्वतः अशी एक सायकल घेतली. तालुक्याच्या दुकानात गुळगुळीत फरशीवर फिरवून पाहिली. पायडल मारले की पळते, म्हणून खूष झालो. पत्रकावर लिहिले होते चाळीस किलोमीटर. पहिल्याच आठवड्यात वरच्या चेंबरपर्यंत ऊसनोंदीला गेलो. दोन चढ चढलो आणि तिसऱ्या चढाला मागच्या चाकातली मोटार हाताला चटका बसेल इतकी तापली. परतताना शेवटच्या चढाला बॅटरीही संपली. चोवीस किलोची सायकल ढकलत, अंधारात, बांधाबांधाने घरी आलो. वाटेत एक आबा पाणी पाजत उभे होते. बॅटरीचा उजेड आमच्या तोंडावर मारून म्हणाले, "साहेब, आम्हाला बेणं पारखून घ्या म्हणता, न् तुम्ही हे काय घेतलं?" उत्तर देता आले नाही. सायकल वाईट नव्हती. खालच्या सपाट डांबरी रस्त्याला आजही ती उत्तम चालते. आम्ही जमीन न बघता बेणे लावले, एवढेच.

म्हणून पहिली गोष्ट आपली वाट बघा. मोटार दोन ठिकाणी असते. एक मागच्या चाकाच्या तुंब्यात, दुसरी पायडलच्या आसाशी. चाकातली मोटार स्वस्त आणि साधी. पण तिची ताकद गिअरमधून जात नाही, त्यामुळे खड्या चढावर हळू फिरताना ती तापते. पायडलजवळची मोटार साखळी आणि गिअरमधून ओढते. ट्रॅक्टर चढाला लो गिअरमध्ये घालतो तसेच हे आहे. ती चढ चांगली काढते, मात्र महाग असते आणि साखळी व दातेरी चक्रे लवकर झिजवते. ज्यांची वाट सपाट आहे त्यांनी उगाच पायडलजवळच्या मोटारीला पैसे घालू नयेत, आणि ज्यांची वस्ती माळावर आहे त्यांनी स्वस्ताईला भुलू नये. त्यातही पायडल नुसते फिरते की नाही एवढेच ओळखणारी यंत्रणा असते आणि पायाचा जोर किती पडतो हे ओळखणारीही असते. चिखलात आणि खडीत दुसरी बरी, कारण ती एकदम हिसका देत नाही.

दुसरी गोष्ट बॅटरी. पत्रकातले किलोमीटर वाचू नका, वॅट-तास काढा. व्होल्टला अँपिअर-अवरने गुणले की झाले. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॅट-तास. माणूस आणि सायकल मिळून शंभर किलो धरले, तर ते वजन शंभर मीटर उंच न्यायला निव्वळ २७ वॅट-तास लागतात. मोटारीत, टायरात आणि चिखलात वाया जाते ते धरले तर चाळीसच्या घरात जाते. आमची बॅटरी २७० वॅट-तासांची होती आणि वाटेत चढ-उताराची पाच ठिकाणे. वरून दगडगोट्यांची वाट. हा हिशेब दुकानात कागदावर मांडला असता तर ती रात्र टळली असती. खर्चाच्या बाजूने मात्र ही सायकल स्वस्त आहे. ३६० वॅट-तासांची बॅटरी पूर्ण भरायला अर्धा युनिटही वीज लागत नाही.

खरा खर्च पुढे असतो. बॅटरी काही शे वेळा भरून झाली की तिचा दम कमी होत जातो, आणि नवी बॅटरी म्हणजे सायकलीच्या किमतीचा मोठा भाग. म्हणून बॅटरीची हमी किती वर्षांची, ती लेखी आहे का, नवी बॅटरी कितीला आणि तालुक्यात मिळते का, हे आधी विचारावे. ज्या दुकानदाराला याचे उत्तर देता येत नाही त्याचा चहा पिऊन उठावे.

तिसरी गोष्ट बांधणीची. ब्रेक डिस्कचेच घ्या. वजनदार सायकल उताराला लागली की रिमचे रबर तिला पुरे पडत नाही. पुढचे सस्पेन्शन असावे. मागचेही हवे, असा मुलांचा हट्ट असतो, पण त्याने किंमत आणि देखभाल वाढते, आणि तसल्या सायकलीला कॅरिअर नीट बसत नाही. आपल्याला वैरणीचा भारा नाही तरी दुधाची किटली, खताची पिशवी, आमच्या मदतनिसाला टेप आणि रिफ्रॅक्टोमीटर न्यावाच लागतो. कॅरिअरची भोके चौकटीला आहेत का ते बघून घ्या. चाकातली मोटार असेल तर मागचे चाक काढायला वायर कुठून सुटते हे दुकानातच करून घ्या. बाभळीचा काटा काही दुकान बघून घुसत नाही. आणि काळ्या रानाची चिकण माती भर पावसात टायरला धरली की कसलीही मोटार उपयोगाची नाही, हेही लक्षात असू द्या.

चौथी गोष्ट कायद्याची. मोटार २५० वॅटच्या आतली, म्हणजे साधारण एक तृतीयांश अश्वशक्ती, आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर अशी सायकल मोटार वाहनात धरली जात नाही. पासिंग नको, लायसन नको. काही जण "वेग वाढवून देतो" म्हणतात. तो वाढला की ती सायकल राहत नाही, आणि अपघात झाला की विमाही नसतो. पोरांना हे आजच बजावा.

आणि आगीचे भय. २०२२ साली आपल्या देशात विजेच्या दुचाकींना आगी लागल्याच्या घटना घडल्या. त्यात पुणेही होते. घाबरण्याचे कारण नाही, पण चार्जर सायकलीबरोबर आलेलाच वापरा. पाचट, कडबा, सरपण असेल तिथे बॅटरी लावू नका. उन्हातून आल्या आल्या आणि रात्री सगळे झोपल्यावरही लावू नका. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी घरात ठेवूच नका. धुताना पंपाचा फवारा मोटारीवर मारू नका.

आता पुन्हा घाऊक खरेदीकडे येतो. कारखान्याचे कार्यक्षेत्र काही एका जातीच्या जमिनीचे नाही. नदीकाठी पोयटा, मधे काळी, वर मुरूम. सगळ्यांना एकच बेणे दिले तर काय होते हे आपण पाहिले आहे. सायकलीचेही तसेच होईल. शंभर सायकली एकाच नमुन्याच्या आल्या, तर खालच्या गावची माणसे खूष राहतील आणि माळावरची माणसे हप्ते फेडत राहतील. यांत्रिक सायकलींच्या किमती साधारण पंचवीस हजारांपासून लाखाच्या पुढे आहेत. २०२५-२६ हंगामाची एफआरपी सव्वादहा टक्के उताऱ्याला टनास ३५५० रुपये होती. म्हणजे पस्तीस हजारांची सायकल हा दहा टन उसाचा पैसा झाला. तोडणी-वाहतूक वजा जाता त्याहून कितीतरी जास्त. खोडव्याच्या गुंठ्यागुंठ्याचा हिशेब करणाऱ्या सभासदाच्या बिलातून एवढी कपात करायची, तर ती डोळे उघडे ठेवून झाली पाहिजे. शिवाय कारखान्याने दिलेली सायकल बिघडली की माणूस दुकानात जात नाही, गट ऑफिसात येतो. आणि गट ऑफिसात पाना नाही.

आमची सूचना साधी आहे. आधी दोन-तीन नमुने आणावेत. एक खालच्या गटात, एक माळावरच्या गटात, आमच्याच शेतकी मदतनिसांना एक पावसाळा आणि एक गळीत हंगाम वापरायला द्यावेत. किती वॅट-तास गेले, किती पंक्चर झाले, दुरुस्तीला किती दिवस लागले, याची वही ठेवावी. बेणे प्लॉट करतो तसाच हा सायकलीचा प्लॉट. ती वही सभेपुढे ठेवावी, आणि मग ज्याला जी हवी ती त्याने आपल्या वाटेप्रमाणे घ्यावी. कारखान्याने फार तर हप्त्याची सोय करावी.

ज्यांना तोवर थांबवत नाही त्यांनी एवढेच करावे. दुकानदाराला सांगावे, "सायकल गाडीत घाला, माझ्या पाणंदीवर चला." बॅटरी पूर्ण भरून आणावी, खांद्याला रोजचे ओझे अडकवावे, आणि ज्याला वापरायची आहे त्यानेच, बापाने नव्हे, सगळ्यात वाईट चढ चढून परत घरी यावे. जो दुकानदार येतो त्याच्याकडून घ्या. जो येत नाही तो पुढे दुरुस्तीलाही येणार नाही.

आमच्या चुकीवर हसलेले ते आबा परवा ऑफिसात आले होते. नातीला सायकल घ्यायची म्हणत होते. तिची शाळा खाली, वस्ती वर, मधे दोन चढ. आम्ही त्यांना कागदावर वॅट-तास मांडून दिले. आबांनी कागद टोपीत ठेवला आणि म्हणाले, "आता आधी चढ दाखवतो त्याला, मग पैसे."

सभासदांनी यापेक्षा वेगळे काही करू नये, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी