तोट्यातलं सोनं

सोन्याशी माझा रोजचा संबंध आहे. सोनं अर्थात दुसऱ्यांचं. सांगलीला आमच्या बँकेच्या शाखेत सोनेतारण कर्जाच्या टेबलावर मी गेली नऊ वर्षं बसतो. सराफ दागिना कसोटीवर घासतो, तराजूत टाकतो, वजन पुकारतो. मी ते फॉर्मवर लिहितो, पिशवीला सील करतो आणि पिशवी तिजोरीत जाते. नऊ वर्षांत किलोंनी सोनं हाताखालून गेलं, पण हाताला चिकटली ती फक्त लाख; तीसुद्धा सील करायची. घरचा सुवर्णसाठा म्हणाल तर सौ.चं मंगळसूत्र, दोन बांगड्या आणि माझी लग्नातली अंगठी. ती लग्नात अनामिकेत होती, आता करंगळीत आली आहे. सोनं तेवढंच राहिलं, बोट वाढलं. आमच्याकडे व्याज हे असं भलत्याच ठिकाणी जमा होतं.

अशा माणसाला गेल्या नाताळात बंगळूरच्या मेहुण्यानं विचारलं, "दाजी, केजीएफला येताय? तुमच्या लाइनचंच आहे." केजीएफ म्हणजे कोलार गोल्ड फील्ड्स. २०१८ साली त्या नावाचा सिनेमा आला. तो मेहुण्यानं तीनदा पाहिला आहे आणि माझ्या चिरंजीवांनी किती वेळा, ते त्यांच्या गुणपत्रिकेवरून कळतं. बंगळूरपासून शंभर-एक किलोमीटर. मोटारीत सौ. एवढंच म्हणाली, "खाणीवर घडणावळ लावत नसतील, नाही का?"

गावात शिरलो तेव्हा समोर उभे राहिले गंजलेले लोखंडी मनोरे, बंद फाटकं आणि करड्या मातीच्या चपट्या टेकड्या. त्या टेकड्या देवानं केलेल्या नाहीत. सोनं काढून घेतल्यावर उरलेल्या दगडाचं ते पीठ, सायनाइडच्या पाण्यातून धुऊन टाकलेलं. चिरंजीव म्हणाले, "बाबा, सोनं कुठंय?" मी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा म्हणाला, "खाण २००१ मध्येच बंद झाली. तोट्यात होती, बंद केली. सिंपल."

वाचकहो, माझं भांडण आहे ते या 'सिंपल'शी.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. दुसऱ्या वर्गातला असलो तरी आहे. बी.कॉम.च्या तीन वर्षांत माझ्या डोक्यात एकच गोष्ट शिरली आणि तीवर मी आजवर पोट भरतो : प्रत्येक नोंदीला दोन बाजू असतात. एका बाजूला जमा दिसली की दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी नावे ते पडलेलं असतंच. ते दिसत नसेल तर दोनच शक्यता. एक तर कारकुनाला झोप लागली आहे, नाही तर साहेब जागा आहे.

तर जमेची बाजू पाहा. १८८० मध्ये लंडनच्या जॉन टेलर कंपनीनं इथं काम हाती घेतलं. तेव्हापासून एकशे वीस वर्षांत या जमिनीतून सुमारे ८०० टन सोनं निघालं. खाणीसाठी १९०२ साली थेट शिवनसमुद्राच्या धबधब्यापासून वीज आणली. बंगळूर शहरात वीज आली ती १९०५ मध्ये. म्हणजे आज ज्या शहराच्या झगमगाटावर आमचा मेहुणा मिशीला पीळ देतो, ते शहर या गावाच्या तीन वर्षं मागं अंधारात चाचपडत होतं. साहेबांसाठी इथं बंगले होते, क्लब होता, गोल्फचं मैदान होतं. या वस्तीला 'लिटल इंग्लंड' म्हणत. मजुरांच्या चाळींना बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती होत्या. त्या वस्तीला लिटल काय म्हणत, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आणि खोली? चँपियन रीफची खाण तीन किलोमीटरांहून खोल गेली. आपली कळसूबाई उलटी करून जमिनीत रोवा, तिच्या टोकाला दुसरी कळसूबाई जोडा, की तुम्ही जवळजवळ तळाला पोचाल. तिथं खडक हाताला चटका देईल इतका तापलेला असे, आणि वरच्या भारानं अचानक स्फोटासारखा फुटे. याच खाणीत १९६५ साली आमच्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी, जपानी आणि इंग्रज सहकाऱ्यांसह, वातावरणातून येणाऱ्या न्यूट्रिनो नावाच्या कणाचा माग काढला. हा कण सगळ्यातून आरपार जातो आणि मागं काही खूण ठेवत नाही. माझा पगारही बचत खात्यातून तसाच जातो. पण त्यासाठी शास्त्रज्ञ कशाला, सौ. पुरते.

दुपारी रॉबर्टसनपेटच्या बाजारात गेलो. बघतो तर दर दहा दुकानांमागे एक पाटी : सोनेतारण कर्ज. परक्या मुलुखात आपल्या धंद्याची पाटी दिसली की माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. पण दोन पावलांवर ते वाटणं घशात अडकलं. ज्या गावानं देशाला सोनं काढून दिलं, ते गाव सोनं गहाण टाकून महिना काढतं आहे!

त्याच गल्लीत एक सोनं गाळायचं दुकान होतं. भिंतीवर खरसुंडीच्या सिद्धनाथाचा फोटो पाहिला आणि माझे पाय थबकले. आमच्या विटा-खानापूरकडचे गलाईवाले हिंदुस्थानात कुठं नाहीत? मी मराठीत हाक मारली. आतून आवाज आला, "कुठनं आला म्हणायचं, पाव्हणं?" पुढच्या पाच मिनिटांत चहा. बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. दुकानदार म्हणाला, "ह्ये आमचं अण्णा. सत्तावीस वर्सं खाली हुतं."

मी बावळटासारखं विचारलं, "खाली सोनं कसं दिसायचं हो?" दुकानदारानं तमिळमध्ये प्रश्न पोचवला. अण्णा हसले. हसता हसता त्यांना खोकला आला. तो इतका वेळ थांबेना की माझ्या चहावर साय धरली. मग त्यांनी सांगितलं आणि दुकानदारानं आपल्या मराठीत मला दिलं, "म्हणत्यात, आमी कवा सोनं काढलं? आमी दगूड काढला. वर आल्यावर त्याचं सोनं हुयाचं."

मुलगा काय करतो, विचारलं. पहाटेची गाडी धरून बंगळूरला जातो, एका कंपनीच्या दारावर पहारेकरी आहे, रात्री परत येतो. गावातली हजारो माणसं हेच करतात. कुठली कंपनी, हेही त्यांनी सांगितलं. मेहुण्याच्या कंपनीसमोरचीच निघाली. सकाळपासून पहिल्यांदाच मेहुण्याला बोलायला काही सुचेना.

आता मी त्याला जे मोटारीत सुनावलं, ते तुम्हालाही सुनावतो.

खाण कधीच बंद करू नये, असं मी म्हणत नाही. शेवटी शेवटी टनभर दगडामागे चार-पाच ग्रॅम सोन्याशी गाठ, आणि तो दगड दोन कळसूबायांखालून उचलायचा. हे मलाही कळतं. पण तोटा म्हणताना आधी वही उघडा. सरकारीकरणानंतर कित्येक वर्षं इथलं सोनं सरकारनं बाजारभावानं नव्हे, त्याहून कमी अशा आंतरराष्ट्रीय दरानं उचललं. आपलाच माल आपल्यालाच स्वस्तात विकायचा आणि मग दुकान चालत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा! आमच्या शाखेत कुणी अशी नोंद केली, तर लेखापरीक्षक जेवायलासुद्धा उठणार नाही.

आणि खर्चाच्या बाजूला काय लिहिलं? मजुरी, डायनामाइट, वीज. अण्णांच्या छातीत साठलेली धूळ कुठल्या खात्यावर टाकली? वारा सुटला की त्या टेकड्यांचं पीठ घराघरांत शिरतं, ते कुणाच्या नावे? ते कधीच लिहिलं नाही, म्हणून आधीचा नफा एवढा गोंडस दिसला. २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली, त्याच दिवशी दिल्लीत अंदाजपत्रक मांडलं गेलं. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि काय स्वस्त, काय महाग हे टीव्हीसमोर बसून वहीत उतरवत होतो. एक गाव स्वस्तात गेलं, ते माझ्या वहीत नाही.

बरं, धुळीला किंमत नसते म्हणावं, तर तेही खरं नाही. २०२४ च्या जूनमध्ये याच टेकड्यांतलं उरलंसुरलं सोनं काढायला कर्नाटकाच्या मंत्रिमंडळानं संमती दिली. म्हणजे ही धूळ लोकांच्या फुप्फुसात होती तोवर कचरा. ग्रॅम सापडले की मालमत्ता! सोन्याच्या भावानं २०२५ साली तोळ्याला लाखाची वेस ओलांडल्यावर धुळीतही सगळ्यांना सोनं दिसू लागलं. अण्णा मात्र अजून कुणाला दिसलेले नाहीत.

आमच्या बँकेचा एक कडक नियम आहे. कर्जापैकी एक रुपया बाकी असला, तरी दागिना परत मिळत नाही. आधी देणं, मग सोनं. कोलारात उलटं झालं. आधी सोनं नेलं, मग देणं बुडवलं, आणि वर खातं बंद केल्याचा शिक्का मारला.

परत आल्यावर सोमवारी टेबलावर बसलो. एका बाई पाटल्या घेऊन आल्या. आमच्या फॉर्मवर दोन रकाने असतात : एकूण वजन आणि निव्वळ वजन. खडे, मीना, लाख, दोरा वजा करून जे उरेल ते निव्वळ. सराफानं पुकारलं, मी लिहायला पेन उचललं, आणि हात थांबला. यातून आणखी काय काय वजा झालं असेल?

"साहेब, काही चुकलंय का?" बाईंनी घाबरून विचारलं.

"तुमचं नाही, बाई," मी म्हणालो आणि निव्वळ वजन लिहिलं. त्याखेरीज दुसरा रकाना फॉर्मवर नाही.