इंजिनाला वाळू, माणसाला वार्निश

भिलाई : पावसात चढणीवर इंजिनाचे चाक जागच्या जागी फिरू लागले की काय करतात, हे रेल्वेतल्या साथींना सांगायला नको. इंजिनावर वाळूच्या पेट्या असतात. चाकाखाली वाळू पडते, चाक रूळ धरते, गाडी निघते. ज्या भिलाईत पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी पेटली, जेथे देशाचे रूळ तयार होतात आणि विद्युत इंजिनांची शेडही आहे, तेथे तर ही गोष्ट घरचीच. मग आमचा सवाल असा की, चाकाची एवढी काळजी घेणाऱ्यांना माणसाचा पाय का दिसत नाही?

आमच्या भागातल्या एका कार्यालयात टपालाच्या थैल्या वरच्या फळीवर चढवायला तीन पायऱ्यांची लाकडी घडवंची आहे. साहेबांच्या तपासणीआधी तिला चकचकीत वार्निश फासले गेले. पहिल्याच पावसात ओल्या चपलेने चढलेला आमचा सहकारी थैलीसकट खाली आला, मनगट मोडले. कागदावर नोंद काय? "कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा." वार्निश लावणाऱ्याचा नव्हे!

कोऱ्या लाकडाला रेषा असतात, पाय त्यांना धरतो. वार्निशचे दोन-तीन हात त्या रेषा बुजवून टाकतात; वर पाणी पडले की तळवा आणि पायरी यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा उरतो. जहाजावरचे लोक हे केव्हाच ओळखून आहेत. म्हणून सागवानी डेक वार्निश न लावता कोरा ठेवतात.

वार्निश हवेच असेल, तर उपाय मूठभर वाळूचा आहे. जुनी चकाकी खरखरीत पॉलिशपेपरने घासून काढावी. बारीक वाळू चाळून, गोड्या पाण्यात धुऊन, कडक वाळवावी. वार्निशचा हात ओला असतानाच ती पायरीवर सारखी भुरभुरावी, वाळल्यावर सुटी वाळू झाडून टाकावी आणि वरून एकच पातळ हात द्यावा. जाड दिला तर वाळू बुडते आणि मेहनत वाया जाते. पायरीची कड पिवळ्या रंगाने आखावी. बाजारात खरखरीत चिकटपट्ट्याही मिळतात, पण ओलीने त्यांच्या कडा उचकटतात आणि मग त्यांनाच ठेच लागते.

याला कुठल्या समितीची गरज आहे? 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 32 मध्ये पायऱ्या व जिने घसरवणाऱ्या पदार्थांपासून मुक्त ठेवावेत, असे स्पष्ट लिहिले होते. 1923 च्या भरपाई कायद्यात भरपाई नाकारण्याची कारणे मोजकीच होती : नशा, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणे, सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढून टाकणे. पाय घसरणे त्यांत नव्हते. 21 नोव्हेंबर 2025 पासून हे कायदे नव्या श्रमसंहितांत गेले. घडवंची मात्र तशीच चकाकते आहे.

आमची मागणी साधी आहे. पायऱ्यांवर, शिड्यांवर, घडवंच्यांवर चकचकीत वार्निश व तेलरंग लावणे बंद करा. पाय घसरून झालेली प्रत्येक दुखापत अपघात म्हणून नोंदवा, आणि त्या नोंदीत पायरीला शेवटचा रंग कधी व कोणाच्या हुकुमाने लागला हेही लिहा. शाखांनी आपापल्या ठिकाणच्या पायऱ्यांवर मृगाच्या आधी बादलीभर पाणी ओतून पाहावे, आणि पाय सरकेल त्या पायरीची लेखी तक्रार करून पोच घ्यावी.