यंत्रमानव जोडणारे हात की घडवणारे?

उन्हाळ्याची सुटी लागली की मध्यमवर्गीय घरांत शिबिरांची चौकशी सुरू होते. पोहणे, चित्रकला, संस्कारवर्ग यांच्या पंक्तीला आता यंत्रमानवशास्त्र, अर्थात रोबोटिक्सही येऊन बसले आहे. हे स्वागतार्हच आहे. मात्र तयार संच विकत घ्यायचा, पुस्तिकेबरहुकूम भाग जोडायचे आणि गाडी धावली की प्रमाणपत्र घेऊन घरी यायचे, एवढ्यावरच शिबिर संपणार असेल तर त्यातून निर्माता नव्हे, आणखी एक ग्राहक तयार होईल.

यंत्रमानवाचे मर्म तीन क्रियांत आहे : जाणणे, ठरवणे आणि करणे. संवेदक जाणतो, नियंत्रक ठरवतो, मोटार कृती करते. हा क्रम विद्यार्थ्याने आपल्या परिसरातील प्रश्नाला लावून पाहिला पाहिजे. संभाजीनगरच्या उत्तरेचे हर्सूल घ्या. तेथील तलाव पाणीटंचाईच्या मराठवाड्यात मोलाचा. त्याची पातळी मोजणारे साधन आठवी-नववीची मुले करू शकतात. संवेदकाने सोडलेली ध्वनिलहर पाण्यावर आपटून परत येते. लागलेल्या वेळाच्या निम्म्याला ध्वनीच्या वेगाने गुणले की अंतर मिळते. पाठ्यपुस्तकातला प्रतिध्वनी असा गावाच्या कामी येतो. आधी घरच्या टाकीवर प्रयोग करावा, मग तलावावर.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम उभारला, तो हाताने काम करता करता विज्ञान शिकावे याच श्रद्धेने. विश्वकर्म्याला पूजणाऱ्या समाजात लेखणी श्रेष्ठ आणि पाना-पकड कनिष्ठ हा भेद मुळात शोभणारा नव्हता.

शासनाने २०१६पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना आखली. निवडलेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान आणि सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना साधने, अशी तिची रचना. २०२५च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५० हजार प्रयोगशाळांचा संकल्प जाहीर झाला. पण साधने मिळाल्याने दृष्टी मिळत नाही. अशी प्रयोगशाळा मे महिन्यात कुलूपबंद राहिली तर तो सार्वजनिक धनाचा अपव्ययच ठरेल. सुटीत ती शेजारच्या वस्त्यांतील, अन्य शाळांतील मुलांसाठीही उघडावी.

शिक्षकांची वाण म्हणावी, तर वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत कुशल तंत्रज्ञ व अभियंते आहेत. त्यांनी सुटीतले चार रविवार दिले, तेही मराठीतून शिकवले, तर इंग्रजीच्या भीतीने मागे राहणारी मुले पुढे येतील.

कारखान्यांत यंत्रमानव वाढतच जाणार. हर्सूलच्या मुला-मुलींनी त्याचे केवळ बटण दाबावे, की त्याची रचना करावी, हे आपण आज ठरवायचे आहे. स्वदेशीची प्रतिज्ञा व्यासपीठावरून पुष्कळ झाली. आता ती कार्यशाळेतल्या बाकावर, डाखणी हाती घेतलेल्या मुलांच्या साक्षीने व्हावी. प्रत्येक शाखेने, प्रत्येक शिक्षणसंस्थेने येत्या सुटीत आपल्या वस्तीपुरता तरी असा एक वर्ग चालवावा.