छोटा हत्ती घ्यावा की मोठी पिकअप?



विठ्ठलवाडीच्या एका धम्मबांधवांच्या घरातला प्रश्न या खेपेस आमच्यापुढे आला आहे. वडील कारखान्यातून निवृत्त झाले. फंडाच्या पैशातले दीड लाख रुपये त्यांनी बाजूला काढले आहेत. थोरला मुलगा आजवर दुसऱ्याच्या टेम्पोवर चालक होता, आता त्याला स्वतःची गाडी घ्यायची आहे. सून घरी बसून जीन्सचे धागे कापते. मुलगा म्हणतो, बोलेरो पिकअप घेऊ. वडील म्हणतात, छोटा हत्ती पुरे. आई म्हणते, हप्ता कशातून भरणार ते आधी सांगा.

आमच्या मते तिघांत आईचा प्रश्न पहिला आहे. असाच वाद आपल्या पुष्कळ घरांत चालू आहे. या पट्ट्यात पूर्वी कारखान्याची नोकरी बापाकडून मुलाकडे जाई. आंबिवलीजवळची एन.आर.सी. कंपनी २००९ साली बंद पडली, तेव्हा हजारो घरांना कळले की तो काळ गेला. आता मुलाच्या हाती स्टिअरिंग येते आणि बापाचा फंड त्यामागे उभा राहतो. फंड एकदाच मिळतो. म्हणून दोन्ही गाड्या नीट तोलून पाहू.

टाटा कंपनीने 'एस' ही छोटी चारचाकी मे २००५ मध्ये बाजारात आणली. तीनचाकी टेम्पो आणि मोठा ट्रक यांच्यामध्ये गाडीच नव्हती, ती जागा तिने भरली. लोकांनी तिला 'छोटा हत्ती' हे नाव दिले. पहिल्या गाडीला ७०२ सी.सी.चे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन होते. आज ती पेट्रोल, सी.एन.जी. आणि विजेवरही मिळते. बोजा साधारण ७५० किलो. जून २०२५ मध्ये आलेल्या 'एस प्रो'ची शोरूममधली सुरुवातीची किंमत ३ लाख ९९ हजार रुपये होती. महिंद्राच्या बोलेरो पिकअपला अडीच लिटरचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे आणि प्रकाराप्रमाणे ती १.३ टनापासून १.७ टनापर्यंत बोजा घेते. किंमत छोट्या हत्तीच्या जवळजवळ दुप्पट पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे जुन्या दरपत्रकावर विसंबू नका, नवे लेखी दरपत्रक मागा.

बोजा म्हणजे काय, ते सिमेंटच्या गोणीने मोजा. गोण ५० किलोची. छोट्या हत्तीत १५ गोणी, १.३ टनाच्या पिकअपमध्ये २६, तर १.७ टनाच्या पिकअपमध्ये ३४. "आमच्या हत्तीत तीस गोणी आरामात बसतात," असे सांगणारे नाक्यानाक्यावर भेटतील. गोणी बसतात, पण पाटे बसतात, टायर फाटतात आणि ब्रेक वेळेवर लागत नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कायद्यात जादा बोजाला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये दंड लिहिलेला आहे. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्चही आपल्याच माथी. एका दंडात महिन्याची कमाई जाते.

पण सगळेच भाडे वजनाचे नसते. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला सोफा आणि कपाट जागा फार घेतात, वजन त्या मानाने कमी भरते. तिथे टन पाहू नका, हौद्याची लांबी-रुंदी टेप लावून मोजा. कॅम्पातल्या गल्ल्या आपल्याला माहीत आहेत. एका बाजूला हातगाडी आणि दुसऱ्या बाजूला रिक्षा उभी असली की मोठ्या गाडीला वळण मिळत नाही. माल नाक्यावर उतरवून हमालाकडून आत न्यावा लागतो. छोटा हत्ती दारापर्यंत जातो. उलट नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाटाने कल्याणच्या बाजारात यायचे असेल, किंवा भिवंडीच्या गोदामातून रोज जड माल उचलायचा असेल, तर छोट्या इंजिनाची दमछाक होते. छोट्या हत्तीची चाके १२ इंची, पिकअपची १५ इंची. पावसाळ्यातल्या खड्ड्यांत हा फरक चालकाच्या कमरेला आणि टायरच्या खर्चाला कळतो. तेव्हा आधी काम ठरवा, मग गाडी.

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. समजा, दीड लाखातले एक लाख गाडीत घातले. छोट्या गाडीला ४ लाख आणि मोठीला ९ लाख कर्ज घेतले. व्याज १२ टक्के आणि मुदत ५ वर्षे धरली, तर छोट्या गाडीचा हप्ता सुमारे ८,९०० रुपये आणि मोठीचा सुमारे २०,००० रुपये पडतो. पाच वर्षांत छोटीवर सुमारे १ लाख ३४ हजार व्याज जाते, मोठीवर सुमारे ३ लाख. बँकेचा खरा दर जो असेल तो घालून हाच हिशेब पुन्हा करावा.

हप्त्याशिवाय विमा, कर आणि पासिंगसाठी महिन्याला काही रक्कम बाजूला ठेवावी लागते. छोटीसाठी ३,००० आणि मोठीसाठी ३,५०० धरू. दुरुस्ती आणि टायरसाठी छोटीला ३,०००, मोठीला ४,५०० धरू. म्हणजे गाडी दारात उभी राहिली तरी महिन्याचा खर्च छोटीचा १४,९०० आणि मोठीचा २८,०००. महिन्यात २५ दिवस काम मिळाले तर छोट्या हत्तीने रोज सुमारे ६०० रुपये आणि पिकअपने रोज १,१२० रुपये नुसते या खर्चापुरते मिळवायला हवेत. इंधन, चालकाची मजुरी आणि घरखर्च त्यानंतर.

फरक रोजचा सुमारे ५२० रुपये. म्हणून मुलाला एवढेच विचारा की डिझेल वजा जाता मोठी गाडी रोज ५२० रुपये जास्त आणील का? कोणत्या व्यापाऱ्याचे, कोणत्या मार्गाचे, आठवड्यात किती फेऱ्यांचे काम आहे? "मिळेल" हे उत्तर नव्हे. ज्या दुसऱ्याच्या टेम्पोवर तो आज जातो, त्यावरच्या महिनाभराच्या फेऱ्या वहीत लिहाव्यात. भाडे किती मिळाले, किती किलोमीटर झाले, परतीला रिकामे आलो की भरून, आणि किती दिवस काम मिळाले नाही, हे सारे त्या वहीत यावे. अशी वही गाडीविषयी जे सांगेल, ते कोणताही विक्रेता सांगणार नाही.

काही गोष्टी कायद्याच्या. हलक्या मोटारीचा परवाना असणारा चालक ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले आहे. दोन्ही गाड्या यात बसतात. ज्या मालवाहू गाडीचे मालासह एकूण वजन ३,००० किलोपर्यंत आहे तिला मोटार वाहन कायद्यानुसार परमिट लागत नाही. छोटा हत्ती या मर्यादेत बसतो. पिकअपचा १.७ टनाचा प्रकार तिच्या बाहेर जातो. व्यापारी गाडीचे फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. त्यामुळे जुनी गाडी स्वस्त दिसली तरी तिचे वय आधी पाहा.

आणि एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. १४ एप्रिल येतो, ६ डिसेंबर येतो, १ जानेवारीला भीमा कोरेगावला जायचे असते. वस्तीतली मंडळी म्हणतात, घरची गाडी आहे, बसा मागे. मालाच्या हौद्यात माणसे बसवू नका. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच दिला आहे. अपघात झाला तर जीव जातोच, वर भरपाईचा भार गाडीमालकावर, म्हणजे त्याच फंडावर आणि त्याच घरावर येतो. अभिवादनाला जरूर जावे, पण रेल्वेने, एस.टी.ने किंवा प्रवासी गाडीने.

कर्ज कुठून काढावे? नाक्यावरच्या सावकाराकडे जाण्याआधी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या ठाणे जिल्हा कार्यालयात जा. १९७८ साली स्थापन झालेले हे महामंडळ अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीच आहे. त्याच्या बीजभांडवल योजनेची मूळ चौकट ५ लाखांपर्यंतच्या प्रकल्पाची आहे. ७५ टक्के बँक, २० टक्के महामंडळ ४ टक्के व्याजाने, आणि ५ टक्के आपले. आजच्या मर्यादा आणि अटी कार्यालयातून लेखी घ्याव्यात. ही चौकट छोट्या गाडीलाच जुळते, हेही ध्यानात घ्या. बँकेत मुद्रा योजनेखाली १० लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मागता येते. जातीचा दाखला, कोटेशन आणि ती फेऱ्यांची वही सोबत न्या. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही करू नका. सुनेची मजुरी घरात येत असेल, तर कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी तिलाही हिशेब वाचून दाखवा. कारण हप्ता चुकला तर पहिला घाला तिच्याच पैशावर पडतो.

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला केलेला उपदेश सिगालोवाद सुत्तात आहे. मिळकतीचे चार भाग करावेत. एक उपभोगाला, दोन धंद्याला, आणि चौथा अडचणीच्या वेळेसाठी राखावा. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत अनणसुख, म्हणजे कर्ज नसण्याचे सुख, हे एक आहे. धंद्यासाठी कर्ज काढणे यात वाईट काही नाही. पण चौथा भागही गाडीत घातला, तर पहिल्या बंद पडलेल्या महिन्यातच घर हलते. म्हणून दीड लाखातले ५० हजार घरातच राहू द्यावेत.

या कुटुंबाला आमचे सांगणे असे आहे. मुलाच्या हाती आज जे काम आहे ते फर्निचरचे, कॅम्पापासून अंबरनाथ-बदलापूरपर्यंतचे. त्या कामाला छोटा हत्ती पुरतो आणि त्याचा हप्ताही पेलतो. लांबच्या जड मालाचे काम दोन व्यापाऱ्यांनी बारा महिन्यांसाठी लेखी दिले, तरच पिकअपचा विचार करावा. मोठी गाडी दारात उभी राहिली की मान वाढतो, असे तरुणांना वाटते. काचेवर बाबासाहेबांचे चित्र लावून निघालेली गाडी हप्ता थकला म्हणून ओढून नेली जाते, तेव्हा काय वाटते तेही मनात आणावे. छोटा हत्ती पाच वर्षांत फेडून झाला, की बँकेचे ना-हरकत पत्र घेऊन नोंदणी पुस्तकावरचा बोजा उतरवून घ्या. मग दुसरी गाडी मोठी घ्या, आणि पहिलीवर धाकट्याला बसवा.

जयभीम, नमो बुद्धाय.