घर कोणाचें आणि नकाशा कोणाचा?

ता. 4 डिसेंबर 2024 रोजीं सकाळीं साडेसातच्या सुमारास तेलंगणांतील मुलुगू जिल्ह्यांत 5.3 तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याचे हादरे गोदावरी ओलांडून आमच्या पूर्व विदर्भांतहि जाणवले. लोक घटकाभर चर्चा करून आपापल्या कामास लागले व सरकारी कचेऱ्याहि नित्याप्रमाणें उघडल्या. इतक्यावर निभावलें म्हणून देवाचे आभार मानून स्वस्थ बसावयाचें, कीं हीच पूर्वसूचना समजून कांहीं व्यवस्था करावयाची, हा प्रश्न केशोरीपासून गोंदियापर्यंतच्या प्रत्येक गांवापुढें आहे. तहान लागल्यावर विहीर खणणें हा आमच्या राज्यकारभाराचा जुनाच रोग आहे. परंतु भूकंपाच्या बाबतींत विहीर खणावयास सवडच मिळत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

"आमच्याकडे भूकंप होत नाहीं," असें उत्तर आम्हांस पुष्कळांकडून मिळतें. हेंच उत्तर 1993 पूर्वीं किल्लारीच्या लोकांनींहि दिलें असतें, आणि त्यांस सरकारी नकाशाचा आधारहि होता! त्या वेळच्या भूकंप-नकाशांत तो मुलूख सर्वांत निर्धास्त अशा पहिल्या विभागांत दाखविलेला होता. 30 सप्टेंबर 1993 रोजीं, गणेशविसर्जनाची रात्र सरतां सरतां, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनीं जमीन हालली आणि लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारें आठ हजार माणसें आपल्याच घरांच्या भिंतींखालीं गाडलीं गेलीं. पुढें 2002 सालीं नकाशांतून तो पहिला विभागच काढून टाकण्यांत आला व लातूर तिसऱ्या विभागांत गेलें. नकाशा दुरुस्त झाला. माणसें परत आलीं नाहींत.

तीं माणसें कशानें मेलीं, हें नीट समजून घेतल्यावांचून पुढील वाद समजणार नाहीं. तेथील घरांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या, दगड व मातीच्या होत्या. बाहेरची एक थर व आंतली एक थर, मध्यें भरताड, आणि दोहोंस जोडणारा आरपार दगड बहुधा नाहींच. वर माळवदाची जड माती. हादरा बसतांच भिंतीच्या दोन्ही थरा विलग होऊन दगड आंत कोसळले. परंतु कित्येक घरांत लाकडी खांब व तुळया यांचा सांगाडा भिंती पडल्यावरहि तसाच उभा राहिला, ही गोष्ट पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांनीं नमूद केलेली आहे. याचा अर्थ उघड आहे. दोष घराच्या जुनेपणाचा नव्हता, भिंतीच्या जोडणीचा होता. आणि जोडणी सुधारतां येते. आरपार दगड बसविणें, भिंतीभोंवतीं सलग पट्टी फिरविणें, धाब्यावरील मातीचें ओझें कमी करणें, खांबांस तिरके आधार देणें, हे उपाय गांवच्या गवंड्यास व सुतारास शिकवितां येण्याजोगे आहेत.

सरकारनें काय केलें? जें चांगलें केलें तें आम्हीं प्रथम सांगतों. मदत तत्परतेनें पोहोंचली, जागतिक बँकेच्या कर्जाच्या साह्यानें मोठी योजना आंखली गेली, आणि शेंकडों गांवांतून घरें दुरुस्त व बळकट करण्याचें काम लोकांच्याच हातीं सोंपविण्यांत आलें. हें श्रेय नाकारणें अन्यायाचें होईल. परंतु ज्या 52 गांवांचा सर्वनाश झाला, त्यांस नव्या जागीं नेऊन वसवितांना जो नकाशा काढला तो कोणाचा होता? सरळ रेषेचे रुंद रस्ते आणि चौकटीचौकटींचे भूखंड! जुन्या गांवाच्या कितीएक पटीनें पसरलेल्या त्या वसाहतींत शेजार तुटला. वेस, चावडी, पार, वाड्यापुढील ओटा यांना त्या आराखड्यांत जागा उरली नाहीं. आणि घराचें माप ठरविलें तें घरांतील माणसें मोजून नव्हे, तर सातबारा पाहून! भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यास 250 चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यास 400, आणि सात हेक्टरांवरील जमीनदारास 750. आठ माणसांच्या मजुराचें कुटुंब अडीचशें फुटांत आणि चौघांचा जमीनदार साडेसातशें फुटांत, ही कोणत्या न्यायशास्त्राची वांटणी?

कोणी म्हणतील, "गांव हलवावें ही मागणी लोकांनींच केली होती." होय, केली होती, पण ती कोणत्या घडीस? चिता अद्याप विझल्या नव्हत्या आणि दगड पाहिला कीं माणूस थरथरत होता, अशा घडीस. आमच्या कायद्यांत एक शहाणपणाचें कलम आहे. 1872 च्या करार कायद्याचें सोळावें कलम असें मानतें कीं, मानसिक अथवा शारीरिक क्लेशानें ज्याची विचारशक्ति विचलित झाली आहे, त्याच्याशीं करार करणाऱ्याचा त्याच्या मनावर वरचष्मा असूं शकतो, आणि तशा अवस्थेंत अनुचित दडपणानें मिळविलेली संमति संशयास्पद ठरते. जें तत्त्व सावकार व ऋणको यांना लागूं, तें सरकार व आपद्ग्रस्त प्रजा यांना नीतीच्या दृष्टीनें कां लागूं नये? भयाच्या घडीस तंबू द्यावा, अन्न द्यावें, औषध द्यावें; गांवाचा कायमचा निकाल त्या घडीस लावूं नये.

येथें आमच्या पुराणप्रिय मित्रांसहि दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. जुनें तें सारें सोनें, असें आम्ही मानीत नाहीं. ज्या गांवाच्या रचनेंत अस्पृश्य गणलेल्या बांधवांची वस्ती वेशीबाहेर असे, त्या रचनेची पूजा आम्हांस करावयाची नाहीं. नवें गांव वसवितांना ही अढी कायमची काढून टाकण्याची संधि आली होती. परंतु जमिनीच्या मापानें घरें वांटल्यामुळें जुन्या गांवांतील राखण्याजोगें होतें तें गेलें, आणि टाकण्याजोगें होतें तें सिमेंटांत पक्कें झालें. हा सौदा उलटा झाला.

इतरत्र काय घडलें तेंहि पाहावें. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरीं 22 फेब्रुवारी 2011 च्या भूकंपांत 185 माणसें दगावलीं व तेथील मुख्य चर्च भंगलें. 2012 त तें पाडण्याचें ठरलें, त्यावर कोर्टकज्जे झाले, 2017 त तें पुन्हां उभारण्याचें ठरलें, आणि 2024 त पैशाअभावीं काम थांबविण्यांत आलें. निर्णय कोणी घ्यावयाचा हेंच आधीं ठरलेलें नसलें म्हणजे श्रीमंत राष्ट्राचीहि अशी दशा होते. उलट काठमांडूंत 25 एप्रिल 2015 रोजीं कोसळलेलें काष्ठमंडप नागरिकांनीं ठेकेदारी पद्धतीस विरोध करून लाकूड व विटा यांच्या परंपरागत रीतीनेंच पुन्हां उभें केलें. उत्खननांत त्याचा शेंकडों वर्षांचा पाया सुस्थितींत आढळला होता. पाया शाबूत असतां इमारत "धोकादायक" ठरवून मोकळें होणें किती सोपें, आणि पाहणी करून निर्णय घेणें किती आवश्यक, याचें हें उत्तम उदाहरण होय.

आतां घरचा विचार. केशोरीच्या परिसरांत ताजमहाल नाहीं. परंतु आमचा वारसा आहे तो मातीचा, लाकडाचा व पाण्याचा आहे. कोहळी समाजानें बांधलेला नवेगांव बांध आणि गांवोगांवचे मालगुजारी तलाव ही केवळ प्रेक्षणीय स्थळें नव्हेत. धानाचें पीक त्यांवर उभें आहे. 1951 त मालगुजारी संपुष्टांत आली, तलाव सरकारजमा झाले, आणि त्यांची पाळ दरवर्षीं राखण्याची गांवची जुनी वहिवाट मोडली. गाळ मात्र सांचत राहिला. हादऱ्यानें अशी दुर्लक्षित पाळ फुटली तर दोष भूकंपाला द्यावयाचा कीं खात्याला? इटियाडोहासारख्या धरणाखालीं जीं गांवें आहेत, त्यांस धरणाच्या तपासणीचा अहवाल मराठींत व गांवच्या चावडीवर वाचावयास मिळणें हा त्यांचा हक्क आहे. तसेंच लाकडी खांबांचीं, कवेलूंच्या हलक्या छपराचीं जुनीं घरें पाडून त्या जागीं 25 चौरस मीटरांचें घरकुल बांधतांना, पक्कें म्हणजे सुरक्षित असा भ्रम करून घेऊं नये. सळ्यांची बांधणी चुकलेलें सिमेंटचें घर मातीच्या घराइतकेंच जीव घेतें.

कायदा काय म्हणतो? 1958 चा केंद्रीय व 1960 चा महाराष्ट्राचा पुरातत्त्वविषयक कायदा संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या वास्तूंचेंच रक्षण करितो; तलावाची पाळ, चावडी, वाडा यांस तेथें सहसा आश्रय नाहीं. 2013 च्या भूसंपादन कायद्याचें चाळिसावें कलम नैसर्गिक आपत्तींत तांतडीनें जमीन घेण्याची मुभा देतें, आणि मग सामाजिक परिणामांच्या तपासणीचें कुंपणहि गळून पडतें. म्हणजे ज्या वेळीं प्रजेला संरक्षण अधिक हवें, त्याच वेळीं तें कमी होतें! परंतु 2005 च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्यानें प्रत्येक जिल्ह्यास योजना करावयास लाविली आहे व ती दरवर्षीं तपासावयाची आहे. जिल्हाधिकाऱ्याबरोबर लोकनियुक्त प्रतिनिधीसहि त्या मंडळांत सहअध्यक्षाचें स्थान आहे. मग हत्यार हातीं असतां तें म्यानांत गंजवावयाचें कशास?

आमची मागणी स्पष्ट आहे. पहिली, प्रत्येक ग्रामसभेनें आपल्या जुन्या वास्तु व तलाव यांची यादी आजच करून जिल्हा योजनेस जोडावी. दुसरी, इंजिनियराचें सकारण लेखी मत जाहीर झाल्यावांचून त्यांतील एकहि वास्तु पाडूं नये. तिसरी, गांव हलविण्याचा निर्णय आपत्तीनंतर सहा महिने लोटल्यावर, स्त्रियांसह सर्व प्रौढांच्या गुप्त मतदानानें व्हावा. चौथी, घराचें माप माणसांच्या संख्येवर ठरावें, जमिनीवर नव्हे. पांचवी, पैसा ठेकेदाराच्या नव्हे तर घरमालकाच्या हातीं जावा, आणि गवंड्यांचें शिक्षण आतांपासूनच सुरूं व्हावें.

आमची व्यापारी मंडळी दिवाळीपूर्वीं दुकानांतील माल मोजून वही पुरी करितात. आग लागल्यावर मोजदाद करावयास बसत नाहींत. जो हिशेब दुकानाला लागतो तो गांवालाहि लागतो. येत्या ग्रामसभेंत ही यादी मांडण्यास सरकारची परवानगी नको, खर्च नको. एक वही व चार जाणते गृहस्थ पुरेत. किल्लारीच्या लोकांस ही सवड मिळाली नाहीं. आम्हांस मिळाली आहे, आणि ती किती दिवसांची आहे हें कोणताहि नकाशा सांगूं शकत नाहीं.